चार लाख तीस हजार अपघाती मृत्यू: हा आकडा कसा वाचायचा

पत्रकारिता शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं आहे: एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात देशात ४,३०,५०४ अपघाती मृत्यू आणि १,७०,९२४ आत्महत्या दाखवल्या आहेत. आरोग्य संशोधकांचे आकडे मात्र यापेक्षा बरेच मोठे असतात. मग अशा मृत्यूंचं प्रमाण वाढतंय की घटतंय, आणि विश्वास कोणावर ठेवायचा?

सुरुवातीलाच त्या ४,३०,५०४ मधून ३२,४५७ वजा करा. ती माणसं हार्ट अटॅकने गेलेली आहेत. चेष्टा करत नाही. त्या अहवालात 'आकस्मिक मृत्यू' असा एक रकाना आहे, त्यात २०२२ साली ५६,६५३ जण आहेत आणि त्यातले ३२,४५७ हृदयविकाराचे. ते 'अपघाती'त कसे शिरले हे समजलं की तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

पोलीस ठाण्यात ए.डी. रजिस्टर असतं, अकस्मात मृत्यूचं. बसस्टँडवर पन्नाशीचा माणूस कोसळतो, लोक रिक्षात घालून आणतात, कॅज्युअल्टीतला डॉक्टर 'ब्रॉट डेड' लिहितो. आजाराचे कागद नाहीत, नेहमीचा डॉक्टर माहीत नाही, म्हणून मृत्यूचा दाखला कोणी देत नाही. मग ए.डी. दाखल होते, पंचनामा होतो, प्रेत पीएमला, म्हणजे शवविच्छेदनाला येतं. आम्ही हृदय उघडतो, रक्तवाहिनीत गुठळी सापडते, तसं लिहून देतो. पण कागद जन्मला ए.डी. म्हणून. वर्षअखेरीस ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला आणि तिथून दिल्लीला जातो तो ए.डी.चाच कागद. १९६७ पासून दरवर्षी निघणारा हा अहवाल म्हणजे पोलिसांच्या दारात आलेल्या मृत्यूंचा हिशेब आहे. इजेने मेलेल्या सगळ्या माणसांचा तो नाही, आणि तसा दावा खुद्द अहवालही करत नाही. तो दावा आपण बातमीच्या मथळ्यात करतो.

माझी नोकरी न्यायवैद्यकशास्त्रात गेली, आधी तालुक्याच्या ठिकाणी आणि नंतर मेडिकल कॉलेजात. म्हणजे मी या आकड्यांच्या उगमापाशी उभा होतो. त्यामुळे राष्ट्रीय तक्ता समोर आला की मी प्रथम हे बघतो की ही ओळ कोणाच्या पेनातून उतरली आहे.

पेनं तीन आहेत. पहिलं हवालदाराचं. दुसरं डॉक्टरचं: मृत्यूचं कारण लिहायचा नमुना ४, ज्यावरून मृत्यूच्या कारणांची सरकारी आकडेवारी निघते. यातली मेख फार थोड्यांना ठाऊक असते. डॉक्टर लिहितो 'हेड इंज्युरी'. ते खरं आहे, पण ते कारण नव्हे, तो परिणाम आहे. डोक्याला मार कशाने बसला? मोटरसायकलवरून पडून, माडीवरून पडून की काठीने? आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात यासाठी दोन वेगळी प्रकरणं आहेत, एक इजेच्या स्वरूपाचं आणि एक बाह्य कारणाचं. धोरण ठरवायला उपयोगी पडतं ते दुसरं. आपल्याकडच्या दाखल्यांवर बहुतेक वेळा पहिलंच सापडतं. शिवाय २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले होते फक्त २२.५ टक्के. बाकीच्यांचं कारण कागदावर नाहीच.

तिसरं पेन घरोघर जाणाऱ्या सर्वेक्षकाचं. भारताच्या महानिबंधकांची नमुना नोंदणी पद्धत आहे, म्हणजे देशभरातल्या निवडक घरांतल्या जन्म-मृत्यूंची सतत नोंद. तिच्यातली दहा लाखांहून अधिक घरं घेऊन टोरांटोचे संशोधक प्रभात झा यांच्या गटाबरोबर 'मिलियन डेथ स्टडी' झाला. त्यात घरच्यांना विचारतात की काय झालं होतं, शेवटचे दिवस कसे होते. ती हकिकत दोन डॉक्टर वेगवेगळी वाचतात आणि कारण ठरवतात. याला तोंडी शवविच्छेदन म्हणतात. पीएम करणाऱ्या माणसाला हे ऐकायला जरा विचित्र वाटतं, मलाही सुरुवातीला वाटलं. पण सर्पदंशाचे आकडे पाहिल्यावर माझं तोंड बंद झालं.

सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत देशभरात वर्षाला सर्पदंशाचे साधारण दोन हजार मृत्यू दिसायचे. २०२० मध्ये आलेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात बारा लाख मृत्यू झाले असा अंदाज मांडला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. फरक पाच-दहा टक्क्यांचा नाही, पंचवीस-तीस पटींचा आहे. कसा? मण्यार रात्री अंथरुणात चावते. सूज नाही, फारसं दुखत नाही, पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात. गाडी मिळेपर्यंत, किंवा मांत्रिकाकडून निघेपर्यंत, माणूस जातो. त्याला दवाखान्यात कोण नेणार आणि कशाला? सकाळी दहन होतं. दवाखान्याच्या रजिस्टरात तो कधीच आलेला नसतो. त्या अभ्यासातले बहुतांश मृत्यू ग्रामीण भागातले आणि घरी झालेले होते, आणि जवळपास चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालच्या मुलांचा होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं औषध आपल्याकडे हाफकिनमध्ये किती तरी वर्षं बनतं आहे. औषध आहे, नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती कुप्या ठेवायच्या याचा हिशेब चुकतो. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा आणला आणि सर्पदंश हा कळवण्याजोगा आजार करावा असं राज्यांना सांगितलं. आता पुढच्या काही वर्षांत सर्पदंशाचे आकडे चढलेले दिसतील, आणि कोणीतरी 'साप वाढले' अशी बातमी करेल. ती तुम्ही करू नका.

नोंद कशाने सुधारते, याबद्दल माझं एक अनुभवाचं मत आहे: जिथे मदत मिळते तिथे प्रेत पीएमला येतं. महाराष्ट्रात शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणं हे सगळं बसतं आणि दोन लाख मिळतात. त्यासाठी कागद लागतात. मग गावचा पोलीस पाटीलच सांगतो, 'आधी सिव्हिलला न्या, मग काय ते करा.' आकाशातून पडणाऱ्या विजेचे मृत्यू आपल्याकडे त्यातल्या त्यात नीट मोजले जातात याचं कारणही हेच असावं असं मला वाटतं. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत देशात ते आकडे २,८६२, २,८८० आणि २,८८७ असे आहेत. आकडे इतके सारखे आहेत की ते खरेच वाटतात. उलट ज्या मृत्यूचा कोणाला काही लाभ नाही, आणि पोलिसांची झंझट मात्र आहे, तो गावातच मिटतो.

आता रस्ता, कारण तुमचा खरा रोख बहुधा तिकडे असेल.

२००० साली देशात पोलिसांनी ३,९१,४४९ अपघात नोंदवले आणि त्यांत ७८,९११ माणसं गेली. २०१० साली ४,९९,६२८ अपघात, १,३४,५१३ मृत्यू. २०२२ साली ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. या तीन जोड्या एकाखाली एक लिहा आणि भागाकार करा. शंभर अपघातांमागे मृत्यू: वीस, सत्तावीस, साडेछत्तीस. मोटारी सुधारल्या, एअरबॅग आल्या, आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची अँब्युलन्स धावते आहे, आणि तरी प्रत्येक अपघात जवळजवळ दुप्पट जीवघेणा झाला?

काही प्रमाणात हो. चौपदरी रस्त्यावर ताशी ऐंशीने जाणारी गाडी आणि जुन्या एकेरी डांबरी रस्त्यावर चाळीसने जाणारी गाडी यांची धडक सारखी नसते. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, आणि माणसाची कवटी होती तेवढीच जाड आहे. पण दुसरा भाग कागदाचा आहे. हात-पाय मोडलेले अपघात लोक जागेवर मिटवून घेतात. मृत्यू मिटवता येत नाही. त्यामुळे भाजक आक्रसतो आणि भागाकार फुगतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. किती कशामुळे, ते या तक्त्यांतून कोणालाही वेगळं काढता येणार नाही.

याहून मोठी गडबड आहे ती मेलं कोण, यात. २०१७ साली पोलिसांच्या आकड्यांत पादचारी २०,४५७ होते, म्हणजे एकूण रस्ते-मृत्यूंच्या साधारण चौदा टक्के. त्याच वर्षासाठी 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या मृत्यू आणि आजारांच्या जागतिक अभ्यासातल्या भारतीय गटाचा अंदाज: रस्त्यावर एकूण २,१८,८७६ मृत्यू, त्यांत पादचारी ७६,७२९, म्हणजे ३५ टक्के. पायी चालणारा माणूस सरकारी तक्त्यातून असा गायब का होतो? अज्ञात वाहनाने उडवलं, तर फिर्यादीत वाहनच नाही. रस्त्याकडेला सापडलेलं अनोळखी प्रेत आधी ए.डी.त जातं, गुन्हा नंतर दाखल झाला तर झाला. जखमी माणूस जिल्ह्याच्या गावी दाखल होतो, तिथून पुण्या-मुंबईला हलवतात, अकराव्या दिवशी जातो. नियमाने तीस दिवसांच्या आत गेला तर तो अपघाती मृत्यूच धरायचा, पण मूळ ठाण्याच्या कागदावर तो 'गंभीर जखमी' म्हणूनच राहतो. माझ्या टेबलावर आलेल्या अशा किती जणांच्या बाबतीत तिकडचं ठाणं आमच्या रिपोर्टची वाट बघत होतं, आणि किती जणांच्या बाबतीत तिथे माहीतसुद्धा नव्हतं, याचा हिशेब मी ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

त्या अभ्यासातली आणखी एक जोडी लक्षात ठेवा. १९९० ते २०१७ या काळात रस्त्यावरच्या मृत्यूंची संख्या ५८.७ टक्क्यांनी वाढली. वयोमानानुसार जुळवलेला दर मात्र ९.२ टक्क्यांनी घटला. म्हणजे 'वाढतंय' म्हणणारा बरोबर आणि 'घटतंय' म्हणणाराही बरोबर. लोकसंख्या वाढली आणि तिच्यात तरण्या वयाची माणसं जास्त झाली, त्यामुळे प्रेतं वाढली. एकेका माणसाची जोखीम किंचित कमी झाली. पण सत्तावीस वर्षांत नऊ टक्के ही काही मिरवायची गोष्ट नाही.

मिरवण्यावरून तमिळनाडू आठवलं. केंद्राच्या अहवालात या राज्यातले रस्ते-मृत्यू २०१६ ला १७,२१८ आणि २०१९ ला १०,५२५ दिसत होते. तीन वर्षांत जवळजवळ चाळीस टक्के घट! देशभर कौतुक झालं, परिषदांमधून त्याची उदाहरणं दिली गेली. मीही एका व्याख्यानात दिलं होतं. पुढे केंद्राच्या नंतरच्या अहवालात तोच २०१९ चा आकडा सुधारून अठरा हजारांच्या वर गेला. देशाचा २०१९ चा एकूण आकडाही १,५१,११३ वरून १,५८,९८४ झाला, आणि त्यातली जवळपास सगळी वाढ या एका राज्याची होती. म्हणून एखाद्या राज्यात दोन-तीन वर्षांत मृत्यू झपाट्याने उतरले असं दिसलं, तर टाळ्या वाजवण्याआधी शेजारचा रकाना बघा. जखमींची संख्या, विम्याचे दावे, सिव्हिलमधले पीएम हेही तेवढेच उतरलेत का?

खरी घट असते तेव्हा ती कुठून आली हे बोट ठेवून दाखवता येतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं बघा. २०१६ साली तिथे १५१ माणसं गेली होती. सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ते सुरक्षेवर काम करणारी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी एकेक अपघाताची जागा तपासली. कडेला उभ्या ट्रकला मागून धडक, संरक्षण नसलेले काँक्रीटचे कठडे, दुभाजकातल्या मोकळ्या जागा. त्या दुरुस्त करत गेले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत मृत्यू निम्म्याच्या खाली आले. चालकांना सुविचार ऐकवून हे झालं नाही. विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठ-सत्तरच्या दशकात हेच मांडलं होतं की इजा म्हणजे शरीराला पेलणार नाही एवढी ऊर्जा, आणि ती ऊर्जा माणसापर्यंत पोहोचण्याआधी कुठेतरी अडवायची. आपल्याकडे 'चालकाची चूक' हा एकच रकाना भरायची सवय आहे. केंद्राच्या रस्ते अपघातांवरच्या २०२२ च्या अहवालात ७१ टक्के मृत्यूंचं कारण 'अतिवेग' आहे. पंचनामा लिहिणाऱ्याकडे वेग मोजायचं साधन काय होतं, हे कोणी विचारत नाही. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले, हा आकडा मात्र मी मानतो; हेल्मेट होतं की नव्हतं हे डोळ्यांना दिसतं.

जळण्याबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण गेल्या तीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल तिथे आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या बर्न्स वॉर्डात विशीतल्या बायका असायच्या. जबाब ठरलेला: 'चहा करताना स्टोव्हचा भडका उडाला.' नायब तहसीलदार यायचे, मृत्यूपूर्व जबाब घ्यायचे, दाराशी सासरची माणसं उभी. आम्हाला पीएममध्ये केसांना रॉकेलचा वास यायचा. चहा करताना भडकणारा स्टोव्ह घरातल्या सासूला, दिराला, नवऱ्याला कधीच कसा भाजत नाही, हा प्रश्न आम्ही तेव्हाही एकमेकांना विचारत होतो. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जायची. पण जबाबात 'कोणावर संशय नाही' असं आलं की ती बाई 'आगीतले अपघाती मृत्यू' या ओळीत. जबाबात 'मीच पेटवून घेतलं' आलं तर आत्महत्येच्या ओळीत. माहेरच्यांनी तक्रार केली आणि ती टिकली तर हुंडाबळीत, आणि ती मोजणी तर एनसीआरबीच्या दुसऱ्याच अहवालात, 'क्राइम इन इंडिया'त. एकाच तऱ्हेचं मरण तीन तक्त्यांत विखुरलं की ते कुठल्याच तक्त्यात मोठं दिसत नाही. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हे एकत्र केलं: २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे १,६३,००० मृत्यू, पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यांतल्या १,०६,००० स्त्रिया, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. जगात बहुतेक ठिकाणी इजेने पुरुष जास्त मरतात. इथे तरुण पुरुषामागे तीन तरुण स्त्रिया होत्या.

आणि हे उतरलं. पोलिसांच्याच आकड्यांत आगीतले अपघाती मृत्यू २०१४ साली १९,५१३, २०१५ साली १७,७००, आणि २०२२ साली साडेसात हजारांच्या आत. आमच्या वॉर्डात तर डोळ्यांनी दिसत होतं. मी निवृत्त होईपर्यंत निम्म्या खाटा शेगडीने किंवा गरम पाण्याने भाजलेल्या लहान मुलांच्या आणि कारखान्यातल्या कामगारांच्या होत्या. कायदा, मुलींचं शिक्षण, लग्नाचं वाढलेलं वय, सगळ्यांचा हात असेल. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम घरातून रॉकेल हद्दपार होण्याने केलं. पंपाचा स्टोव्ह गेला, सिलिंडर आला. घरातला जाच तेवढा कमी झाला असं मानायला मी तयार नाही. हाताशी असलेलं साधन गेलं, एवढं नक्की.

हेच सूत्र घेऊन आत्महत्यांकडे या. २०१० साली पोलिसांच्या नोंदीत १,३४,५९९ आत्महत्या होत्या, पुरुष ८७,१८० आणि स्त्रिया ४७,४१९. २०२२ साली पुरुष १,२२,७२४, स्त्रिया ४८,१७२. बायकांची संख्या बारा वर्षांत जवळजवळ हललीच नाही. लोकसंख्या वाढली हे धरलं तर त्यांचा दर उतरला. वाढ जवळपास सगळी पुरुषांची आहे. एकूण दर २०१७ ला लाखामागे ९.९ होता, तो २०२२ ला १२.४ वर गेला. पेनाचा प्रश्न इथेही आहेच. २०१० साठी मिलियन डेथ स्टडीचा अंदाज १,८७,००० होता, आणि त्या अभ्यासाप्रमाणे पोलिसांच्या नोंदीतून पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त प्रमाणात निसटतात. 'पाय घसरून विहिरीत पडली' हे वाक्य मी इतक्या पंचनाम्यांत वाचलं आहे की आपल्या विहिरींचे काठ इतके निसरडे कसे, असा प्रश्न पडावा.

महाराष्ट्रात आत्महत्या म्हटलं की शेतकरी. २०२२ ला देशात शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्या नोंदल्या, पैकी ४,२४८ महाराष्ट्रातल्या. भयंकरच आहे. पण त्याच तक्त्यात गृहिणी २५ हजारांच्या वर आणि रोजंदारीवाले एकूण संख्येच्या २६.४ टक्के आहेत. २०१४ साली हा रोजंदारीचा वाटा बारा टक्के होता. तो दुपटीहून वाढला तो मजुरांची दशा बिघडली म्हणून, की भूमिहीन माणसाला पूर्वी 'इतर' लिहिणारा हवालदार आता 'रोजंदारी' लिहितो म्हणून? दोन्ही असावं. शेतकरी कोणाला म्हणायचं हेही कागद ठरवतो. आपल्याकडे सरकारी मदतीसाठी 'पात्र' आणि 'अपात्र' अशा आत्महत्या असतात. सातबारा नावावर नसलेली बाई आयुष्यभर शेतात राबली तरी मेल्यावर 'गृहिणी' होते. पश्चिम बंगाल आणि बिहार त्या वर्षी शेतीतली एकही आत्महत्या दाखवत नाहीत. तिथला शेतकरी सुखी आहे असा अर्थ काढायचा असेल तर काढा.

साधनाबद्दल बोलत होतो. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्येचा दर लाखामागे ४७ होता, जगातल्या सर्वांत वरच्यांपैकी. त्यांनी सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि पुढच्या वीस वर्षांत दर सत्तर टक्क्यांनी खाली आला. शेतीचं उत्पन्न त्यामुळे पडलं नाही. तिथलं दारिद्र्य, घरातली भांडणं, दारू यांपैकी काही संपलं नव्हतं. रागाच्या, निराशेच्या त्या अर्ध्या तासात हाताला जे लागतं ते कमी घातक झालं, की माणूस दवाखान्यात पोहोचतो, वाचतो, आणि वाचलेले बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. भारतात २०११ ला एंडोसल्फान गेलं, २०१८ ला अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला. पण आपलं काम संथ आहे, आणि कृषी खात्याच्या फाइलीत आरोग्य खात्याचा माणूस क्वचित असतो. या विषयावर लिहाल तेव्हा पद्धतींचं वर्णन टाळा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या.

पडण्याबद्दल थोडक्यात, कारण ते अजून यायचं आहे. म्हातारी न्हाणीघरात घसरते, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन नको म्हणून घरीच ठेवतात, तिसऱ्या आठवड्यात छातीत कफ होऊन जाते. दाखल्यावर 'न्यूमोनिया'. ए.डी. नाही, पीएम नाही. पोलिसांच्या तक्त्यात 'पडून मृत्यू' म्हणजे बांधकामावरून, झाडावरून, इमारतीवरून पडलेले तरुण मजूर. ही म्हातारी तिथे नाही. जसजसं आपलं सरासरी वय वाढेल तसतशी ती संख्येने वाढणार आहे, आणि हवालदाराच्या पेनाला ती कधीच दिसणार नाही.

मग विश्वास कोणावर? प्रश्न बघून ठरवा. रस्त्यावरची एकूण संख्या हवी असेल तर पोलिसांचा आकडा किमान मर्यादा म्हणून घ्या आणि त्यावर निदान तिसरा-चौथा हिस्सा चढवायची तयारी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साठी भारताचा अंदाज २,९९,०९१ दिला होता, आपल्या दीड लाखाच्या दुप्पट, तो मला फार वाटतो. कोण मरतंय हे हवं असेल तर पोलिसांच्या तक्त्यावर अजिबात विसंबू नका. सर्पदंश, भाजणं, म्हाताऱ्यांचं पडणं यासाठी घरोघरच्या अभ्यासाशिवाय इलाज नाही, आणि ते अभ्यास जुने होत चालले आहेत. दर काढताना हे लक्षात ठेवा की खालची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे ढकललेली आहे.

पण आकडे चाळण्याआधी एक काम करा. एखाद्या ग्रामीण पोलीस ठाण्यात जा, ओळख काढा, आणि गेल्या पाच वर्षांची ए.डी. रजिस्टरं बघायला मागा. नावं उतरवू नका, फक्त तारीख, वय, लिंग आणि कारण लिहा. एप्रिल-मेमध्ये विहिरीत पोहायला शिकणारी दहा-बारा वर्षांची पोरं भेटतील. जून उजाडायच्या आत वळवाच्या पावसात झाडाखाली थांबलेले, विजेने गेलेले दोघं-तिघं. पाऊस लागला की साप, आणि ओल्या खांबाला, स्टार्टरला हात लागून शॉक बसलेले. गणपतीत बुडालेले. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर अंधारात आदळलेले मोटरसायकलवाले, जवळजवळ सगळे पस्तिशीच्या आतले. मग त्याच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातलं पीएम रजिस्टर घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. ज्या ओळी जुळणार नाहीत त्यांच्यापासून बातमी सुरू करा.